आज अप्पूला पूर्ण तिकीट लागलं असतं

अप्पूची_आई
१ जून २०२३, रात्री १०:५२

आज सकाळी माहेरी जायला गुहागर गाडीत बसले. कंडक्टर तिकिटाला आले तेव्हा मी म्हणाले, "एक अर्धं, मार्गताम्हाने." मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, त्यामुळे आता तोंडात तेच येतं. पण म्हटलं आणि पैसे काढता काढता हात थांबला. सहा-सात वर्षांपूर्वी याच रस्त्यावर मी म्हणायचे, "एक पूर्ण, एक अर्धं." पूर्ण माझं, अर्धं अप्पूचं.

आज १ जून. अप्पूला आज बारा पूर्ण झाली असती. म्हणजे आजपासून माझं अर्धं आणि त्याचं पूर्ण. त्याने मला किती चिडवलं असतं!

अप्पू माझा धाकटा. रक्ताच्या कॅन्सरने जानेवारी २०१९ मध्ये गेला, साडेसात वर्षांचा होता. हा धागा आजाराची माहिती द्यायला काढलेला नाही, तो ओघात येईल तेवढाच. धागा काढायचं कारण वेगळं आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमचं तळमजल्याचं घर छतापर्यंत बुडलं. अल्बम, त्याच्या शाळेच्या वह्या, फोटो साठवलेला कॉम्प्युटर, सगळं गाळात गेलं. आम्ही नेसत्या कपड्यांनिशी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होतो. जीव वाचले, यात सगळं आलं. पण तेव्हापासून अप्पू उरला तो फक्त माणसांच्या आठवणीत, आणि माणसं त्याचं नावच घेत नाहीत. मी समोर आले की विषय बदलतात. मला त्रास होऊ नये म्हणूनच करतात, कळतं मला. पण त्रास नाव घेतल्याने होत नाही हो. दिवसच्या दिवस कानावर ते नाव पडत नाही, त्याने होतो.

म्हणून मीच लिहिते तो कसा होता ते.

त्याचे बाबा एसटीत कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून आमच्या आळीत हे छोटे मास्तर. एसटीचा वाढदिवसही १ जून, याचा त्याला केवढा अभिमान! आमच्या सासूबाईंचीही जन्मतारीख कागदोपत्री १ जूनच आहे, गुरुजींनी लावलेली. अप्पू त्यांना म्हणायचा, "आजी, तुझी खोटी, माझी खरी." घरी कोणी आलं की पाणी द्यायच्या आधी हा सुरू, "पहिली एसटी १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, कंडक्टर होते लक्ष्मण केवटे." आणि ड्रायव्हर कोण, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "ते बाबांना विचारा, मी मास्तर आहे."

गाडीचा नंबर बघून ती कुठल्या कार्यशाळेत बांधली ते सांगायचा. एमएच १४ म्हणजे दापोडी, एमएच २० म्हणजे चिकलठाणा, एमएच ४० म्हणजे नागपूरची हिंगणा. बाबांनी एकदाच सांगितलं होतं. स्टँडवर मला तासतास उभं करून ठेवायचा. "आई, थांब, हिंगण्याची आली नाही अजून." कोकणात नागपूरची गाडी कुठून दिसणार! पण तो थांबायचा, आणि मीही.

घरात यायचं तर तिकीट काढावं लागे. कॅलेंडरच्या जुन्या पानांचे चौकोनी तुकडे, त्यावर त्याने काढलेले आकडे. आजीकडून भाडं म्हणून खडीसाखर. तायडी, म्हणजे त्याची मोठी बहीण, फुकट्या प्रवाशासारखी आत घुसायची, त्यावरून रोज मारामारी. एकदा तर तिच्या दंडाला असा चावला की पाचही दातांचे वळ उठले. चिडका होता. हरला की सारीपाट उधळून द्यायचा. आपली वस्तू कोणाला द्यायची म्हणजे त्याला फार जड जायचं. हे मुद्दाम लिहिते. गेल्यावर सगळे "किती गुणी होतं लेकरू" म्हणतात, आणि ते ऐकताना मला वाटतं, हे कोणाबद्दल बोलतायत?

पाच पूर्ण झाल्यावर एसटीत अर्धं तिकीट लागतं. १ जून २०१६ ला सकाळी सहाला उठून, आंघोळ करून तयार. वडिलांच्या नोकरीमुळे आम्हाला पास मिळायचा, पण त्याला पास नको होता. "मला आता तिकीट लागतं." बाबांच्या ड्युटीच्या गाडीतच आम्ही बसलो आणि बाबांनी मशीनमधून त्याला पहिलं अर्धं तिकीट काढून दिलं. ते तिकीट माझ्या पर्समध्ये होतं म्हणून पुरातून वाचलं. पण मशीनच्या कागदाची शाई उडते. आता तो नुसता पांढरा कागद आहे. उजेडात तिरका धरला तरी काही दिसत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ताप येऊ-जाऊ लागला. पाय दुखतात म्हणायचा, नडगीवर निळे डाग. एका दवाखान्यात वाढीचं दुखणं म्हणून सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासलं आणि त्या रात्रीच आम्ही मुंबईला निघालो. परळला टाटामध्ये निदान पक्कं झालं. मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली. तिथे विदर्भातल्या, बिहारमधल्या, बंगालमधल्या आया एकाच ओट्यावर आपापल्या पोरांचं जेवण करायच्या. मीठ-मसाला कोणाचा कुठला, हिशोब नव्हता.

तिथेही हा मास्तरच. एसटीत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. पाठीतलं इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरबाईंना सांगून ठेवायचा, "मी सिंगल बेल म्हटलं की थांबायचं." आणि त्या थांबायच्या. तो दोन श्वास घ्यायचा, मग स्वतःच म्हणायचा, "डबल बेल." प्लेटलेटची पिशवी पिवळी असते, ती लावली की म्हणायचा डिझेल आलं. औषधांचा तिसरा टप्पा लांबलचक असतो, त्याला डॉक्टर मेंटेनन्स म्हणतात. हा शब्द ऐकून अप्पूचा चेहरा खुलला, कारण हा शब्द त्याच्या घरचा. फोनवर आजीला म्हणाला, "काळजी करू नको. मी डेपोत मेंटेनन्सला लागलोय."

त्याला मी खाकी शर्ट शिवला होता, दोन खिशांचा, छातीवर पत्र्याचा बिल्ला. स्टेरॉइड सुरू झाल्यावर तोंड सुजलं, रात्री दोनला उठून फोडणीचा भात मागायचा, पोट सुटलं. शर्टाची बटणं लागेनात. मी बाजूच्या शिवणी उसवून दोन बोटं सैल केला. मग वजन उतरलं, परत आत घेतला. आजार उलटला तेव्हा परत सैल, आणि शेवटी परत आत. पुरानंतर शर्ट गाळातून काढून सात पाण्यांनी धुतला. चिखलाचा पिवळट रंग गेला नाही, पण जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रेषा बाजूला एकापुढे एक दिसतात. कोणत्या महिन्यात तो केवढा होता ते मी त्या रेषांवर बोट ठेवून सांगू शकते.

एक गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. मेंटेनन्समध्ये रोज रात्री एक गोळी असायची, उपाशीपोटी. तो गेल्यावर महिनाभराने त्याची खेळण्यातली लाल गाडी पुसायला घेतली, तर आत काहीतरी खुळखुळलं. मागचं दार उघडलं. आत नऊ गोळ्या. मी समोर बसून दिलेल्या. गालात धरून ठेवत असणार. त्या नऊ गोळ्यांनीच आजार परत आला का, हे चार वर्षं मनात घेऊन फिरतेय.

ऑगस्ट २०१८ मध्ये रिलॅप्स झाला, म्हणजे आजार उलटला. डिसेंबर संपता संपता डॉक्टरांनी बसवून समजावलं, घरी न्या. वेदनांचं औषध कसं द्यायचं ते शिकवलं. गाडी करायचं ठरत होतं, तर हा म्हणाला, "यष्टीने जायचं." त्याच्या बाबांच्या सोबत्यांनी पुढच्या सीटा धरल्या. ड्रायव्हरकाकांनी त्या खड्ड्यांच्या महामार्गावर गाडी अशी नेली की मांडीवरच्या वाटीतलं पाणी हललं नसतं. पनवेलला त्याला उचलून धरलं आणि दोरी हातात दिली. त्याने डबल बेल मारली. कशेडी घाटात झोपला, परशुराम घाटात जागा झाला आणि खाली वाशिष्ठी दिसल्यावर म्हणाला, "आलं चिपळूण. उतरणारे पुढे या."

त्यानंतर बारा दिवस घरी होता.

ज्यांचं मूल गेलंय त्यांनी इथे लिहा. कशाने गेलं ते नको, कसं होतं ते लिहा.

----

घाटवाट
१ जून २०२३, रात्री ११:३५

ताई, मी एसटीतच ड्रायव्हर आहे, देशावरच्या एका आगारात. आज डेपोत पंचाहत्तर वर्षांचा कार्यक्रम होता, गाडीला हार घातला, पेढे वाटले. घरी येऊन हे वाचलं.

तुमच्या मिस्टरांना माझा रामराम सांगा. पोरगं आजारी आणि ड्युटीवर रोज चारशे माणसांना "पुढे चला" म्हणायचं, हे काय असतं ते आमच्यातल्यालाच कळेल. आणि तो वाटीतल्या पाण्याचा ड्रायव्हर कोण ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी तो काय मनाने स्टेअरिंग धरून बसला असेल ते माहीत आहे.

एक कामाचं सांगतो. मशीनच्या तिकिटाचा कागद उष्णतेवर चालतो, त्यावर शाई नसतेच. त्यामुळे त्यावरची अक्षरं आपोआप उडतात. कोणाकडे असं जपलेलं तिकीट असेल तर अक्षरं दिसतायत तोवर झेरॉक्स काढून ठेवा. लॅमिनेशन करायला जाऊ नका, गरम रोलरमधून गेलं की सगळा कागद काळा पडतो. माझ्या बहिणीचं असंच एक घालवून बसलोय.

----

रानजाई
२ जून २०२३, सकाळी ६:१०

रात्रभर झोप नाही. अप्पूची आई, तुम्ही "चिडका होता" लिहिलंत, तिथे मी मोठ्याने रडले.

माझी छकुली जन्मतःच हृदयाला भोक घेऊन आली होती. नऊ वर्षांची होऊन गेली. आमच्याकडे तिची तसबीर लावलीय, हार घातलेली, डोळे खाली, देवीसारखी. ती तशी नव्हती. ती अट्टल खोटारडी होती! धावू शकत नव्हती, म्हणून बसल्या जागी गोष्टी रचायची. शाळेत सांगितलं होतं, आमच्या विहिरीत मगर आहे. बाईंनी मला बोलावून घेतलं, "खरंच आहे का हो?" मगरीचं नाव होतं सुलोचना. ती रोज काय खाते, कोणावर रुसली, सगळं ठरलेलं. छकुली गेल्यावर तिच्या वर्गातला एक मुलगा आईबरोबर आला आणि जाताना हळूच मला विचारतो, "काकू, सुलोचनाला आता खायला कोण घालतं?"

मी सांगितलं, मी घालते.

सतरा वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा लिहितेय.

----

नाना_कोकणी
२ जून २०२३, सकाळी ८:४५

अप्पूच्या आई, वयाने मोठा आहे म्हणून सांगतो, राग मानू नका. मन मोकळं केलंत, बरं केलंत. पण किती दिवस हेच उगाळत बसणार? गेलेलं माणूस आपल्या अश्रूंनी अडकून पडतं असं आमची आई म्हणायची. मोठी मुलगी आहे, तिच्याकडे बघा. शर्ट, तिकीट, या वस्तू नदीत सोडून द्या. विसरणं ही देवाची देणगी आहे.

----

अप्पूची_आई
२ जून २०२३, दुपारी २:२०

नाना, राग नाही. तुम्ही काळजीपोटी लिहिलंत ते कळलं.

नदीने एकदा सगळं नेलंच होतं. त्यातून मी शर्ट हाताने उपसून काढला. तो परत तिच्यात कसा सोडू?

मी रडत बसत नाही. शिवणकाम करते, गणपतीच्या आधी ब्लाउजांचे ढीग पडलेले असतात. तायडी बारावीला गेली, तिचा डबा, तिचा क्लास. कामात कमी नाही. पण मला मुलं किती असं कोणी विचारलं की पहिली दोन वर्षं मी "एक" म्हणायचे, पुढचे प्रश्न टाळायला. एकदा तायडीने ते ऐकलं. तेव्हा काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मी मेल्यावर मलापण वजा करशील का?" तेव्हापासून मी "दोन" म्हणते.

----

समईवात
२ जून २०२३, रात्री ९:०५

मी लहान मुलांच्या कॅन्सरवर काम करणारी डॉक्टर आहे, कुठे ते महत्त्वाचं नाही. अप्पूला मी पाहिलेलं नाही. पण त्या नऊ गोळ्यांबद्दल न लिहिता मला हा धागा बंद करता येणार नाही.

ताई, गोड बोलून तुमची समजूत काढणार नाही, खरं ते सांगते. मेंटेनन्समधल्या गोळ्या नियमित घेणं खरोखर महत्त्वाचं असतं. ज्या मुलांच्या पोटात शंभरातल्या ९५ हून कमी गोळ्या गेल्या, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. आता तुमचा हिशोब करू. २०१७ च्या मध्यापासून ऑगस्ट २०१८ पर्यंत म्हणजे सुमारे चारशे रात्री. त्यातल्या नऊ गाडीत गेल्या. म्हणजे शंभरातल्या जवळजवळ अठ्ठ्याण्णव गोळ्या त्याच्या पोटात गेल्या. एका चिडक्या, हट्टी, सहा वर्षांच्या मुलाला उपाशीपोटी, वर्षभराहून जास्त काळ, रोज. मी इतकी घरं पाहिली आहेत, याहून काटेकोर घर क्वचित पाहिलं. उपचार चालू असताना, म्हणजे औषधं पोटात जात असतानाच आजार उलटतो, तेव्हा बहुतेकदा त्या पेशीच मुळात औषधाला दाद न देणाऱ्या असतात. नऊ गोळ्यांचं ओझं आज खाली ठेवा.

या प्रकारच्या कॅन्सरमधून आता बहुतेक मुलं पूर्ण बरी होऊ शकतात, हेही इथे लिहायला हवं, कारण ज्यांच्या घरी उपचार चालू आहेत असं कोणी हे वाचत असेल. न थांबणारा ताप, पांढरटपणा, कारण नसताना निळे डाग, हाडं दुखणं, यात साधी रक्ततपासणी लवकर करून घ्या.

आणखी एक. अप्पूला तारखा आवडायच्या, म्हणून त्याच्यासाठी. पहिली एसटी सुटली १ जून १९४८ ला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३ जून १९४८ ला, बोस्टनच्या सिडनी फार्बर यांचा लेख प्रसिद्ध झाला. ब्लड कॅन्सरच्या १६ मुलांना त्यांनी एक नवं औषध दिलं होतं आणि १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला होता. त्याआधी या मुलांसाठी औषध असं नव्हतंच. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झालं तिथले मुख्य शास्त्रज्ञ होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. अप्पूच्या पाठीतून जे मेथोट्रेक्झेट गेलं ते त्याच कुळातलं. आणि शिरेतून दिलं जाणारं व्हिन्क्रिस्टीन सदाफुलीपासून काढतात.

----

अप्पूची_आई
२ जून २०२३, रात्री ११:४८

डॉक्टर, दोनदा वाचलं. मग कागद घेऊन भागाकार केला. सव्वादोन टक्के येतात. तुमचं उत्तर बरोबर आहे.

सदाफुलीचं त्याला वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहिल्यांदा घरी आला तेव्हा अंगणातल्या सदाफुलीला आधी पाणी घातलं, मग चप्पल काढली. आजीला म्हणाला, "हिला तोडायचं नाही, देवाला दुसरं घाल." पुरात ती वाहून गेली. पण पुढच्या पावसात पायरीच्या फटीतून गुलाबी सदाफुली आपोआप उगवली. तिला कोणी हात लावत नाही.

----

समईवात
३ जून २०२३, सकाळी ७:३०

किती छान! फक्त इतर वाचकांसाठी सांगते, सदाफुलीचा रस घरी काढून कोणी देऊ नका. औषध शुद्ध करून, वजनाप्रमाणे अगदी मोजून देतात. झाडाचा रस विषारी आहे.

----

कवडसा
३ जून २०२३, दुपारी १२:४०

मी एकोणीस वर्षांची आहे. इथे कधी लिहिलं नाही, फक्त वाचते. मी सहा वर्षांची असताना माझा दादा गेला, डेंग्यूने, चार दिवसांत. आमच्या घरी त्याचं नाव काढत नाहीत. कपाटात एक कप्पा आहे, त्याला कुलूप आहे. मला त्याचा चेहरा फोटोतून आठवतो, आवाज मुळीच आठवत नाही. मला एवढंच आठवतं की तो आंबा खाताना कोय मला द्यायचा, आणि कोय चोखायला मिळते म्हणून मला वाटायचं मी लाडकी आहे. आता कळतं की गर तो खायचा.

काकू, तुमच्या तायडीला विचाराल का, तिला काय हवं होतं? मला आईला विचारायचंय दादाबद्दल. कसं विचारू?

----

अप्पूची_आई
३ जून २०२३, सायंकाळी ७:१५

बाळा, तायडीला विचारलं. तिने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. "तिला सांग, आईला समोर बसवून विचारू नको. हातात काम असताना विचार. भाजी निवडताना. आणि आधी स्वतःची आठवण सांग, आंब्याची."

आता आंबे संपत आलेत, पण बाजारात शेवटचे मिळतील. दोन घेऊन जा.

----

कवडसा
४ जून २०२३, रात्री १०:०२

घेतले. कापताना म्हटलं, आई, दादा मला कोय द्यायचा ना. आई सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गर तो खात नव्हता गं. त्याला आंबा आवडायचाच नाही. फोडी माझ्या ताटात टाकायचा."

आम्ही अकरापर्यंत बोलत होतो काल. म्हणजे आई बोलत होती. बाबा आतल्या खोलीत होते, मग दारात येऊन उभे राहिले. आईने कुलूप काढलं. आत एक करगोटा, एक क्रिकेटचा चेंडू आणि माझ्या बारशाच्या दिवशी त्याने काढलेलं माझं चित्र आहे. मला कान काढायला विसरलाय.

----

रानजाई
४ जून २०२३, रात्री १०:२०

कवडसा, जवळ असतीस तर पोटाशी धरलं असतं.

----

नाना_कोकणी
५ जून २०२३, सकाळी ९:३०

अप्पूच्या आई, मी जे लिहिलं होतं ते मागे घेतो. तीन दिवस बेचैन आहे. माझी धाकटी बहीण घटसर्पाने गेली, मी आठ वर्षांचा, ती चार. १९५७ साल. तेव्हा आमच्या खेड्यात लशी कुठल्या? आईने तिचं नाव पुन्हा उच्चारलं नाही, "विसरा" म्हणाली, ते मी सहासष्ट वर्षं पाळलं. आई गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी एक एवढंसं परकर-पोलकं निघालं. आई विसरली नव्हतीच. मग तिने आम्हाला का विसरायला लावलं?

तिला बोंडू फार आवडायचे. काजूचे. अंगभर रस सांडून घ्यायची, डाग जायचे नाहीत, आई ओरडायची. त्या परकरावर डाग आहेत.

तिला आम्ही बाबी म्हणायचो.

----

अप्पूची_आई
५ जून २०२३, रात्री ११:३०

नाना, बाबीला आमच्या पंक्तीत घेतलं.

आज हे रात्रपाळी करून आले. मी हा धागा त्यांना कधी दाखवणार नव्हते. अप्पूबद्दल ते बोलत नाहीत, चार वर्षांत एक शब्द नाही. मी तो त्यांचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून रागही होता. आज जेवण झाल्यावर फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळं वाचलं. गोळ्यांचं वाचलं. घाटवाट दादांचा रामराम वाचला. मग उठून खुंटीवरची ड्युटीची बॅग काढली आणि आतल्या कप्प्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी माझ्यासमोर ठेवली.

आत तिकिटं आहेत. दर १ जूनला ड्युटीवर असताना हे स्वतःच्या खिशातले पैसे टाकून एक अर्धं तिकीट काढतात. चिपळूण ते मार्गताम्हाने. पहिल्यांदा त्याला जे काढून दिलं होतं तेच. २०२० चं नाही, तेव्हा ड्युटी नव्हती. २०१९ आणि २०२१ ची पांढरी झालीत. २०२२ चं पुसट आहे, तारीख लागते. या वर्षीचं ठसठशीत आहे.

ते पूर्ण तिकीट आहे.

कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान सकाळी दहाला उघडतं. तायडी म्हणते क्लासला जाता जाता ती काढून आणते, पण मीच जाणार आहे.